झोपाळ्याची फळी

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत दुसरे काही राहिले नसले तरी झोपाळा राहिला आहे. आमच्याकडेही आहे. पितळी कड्या, वर तुळईतले आकडे आणि खाली डांगच्या सागाची एकसंध फळी. आजोबांनी ती करवून घेतली. तिच्यावर बसून वडिलांनी वर्तमानपत्र वाचले, आम्ही पाढे घोकले आणि आई पंचाऐंशी वर्षांची झाली तरी दुपारचा चहा तिथेच घेते.

या फळीचे एक जुने दुखणे होते. पॉलिश केले की चार-सहा महिने ती आरशासारखी दिसे. मग सागाच्या शिरा पुन्हा उघड्या पडत, त्यांत धूळ आणि तेल बसे, हाताला खरखर लागे. गरम कप ठेवला की लाखेवर पांढरे कडे उमटे, ते वेगळेच. यंदा माझ्या सुरतेच्या भाच्याने फळी उतरवली आणि चलथाणच्या एका मिस्त्रींकडे नेऊन टाकली. मागाहून मीही गेलो.

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुरतेला लागूनच हे गाव आहे. तिथला सहकारी साखर कारखाना दक्षिण गुजरातेत सर्वांना ठाऊक आहे. याच मार्गाने खानदेशातली कितीतरी मराठी माणसे पोटापाण्यासाठी सुरतेकडे आली. आमचे मिस्त्री त्यांतलेच, नंदुरबारकडचे.

त्यांनी ओले फडके फळीवरून फिरवले आणि म्हणाले, "बघा आबा, हे लाकूड म्हणजे नळ्यांची मोळी आहे. झाड या नळ्यांतून पाणी वर नेतं. फळी कापली की नळ्या आडव्या उघड्या पडतात."

सागाच्या नळ्या मोठ्या, नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशा. त्या बुजवण्याची आपली जुनी रीत म्हणजे खडूची पूड, रंगापुरता गेरू किंवा पिवडी, आणि वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे हात, कापसाच्या पुरचुंडीने चोळचोळून दिलेले. रीत चांगली, पण स्पिरिट उडून जाते, मागे राहिलेली लाख आकसते आणि बुजवलेली खाच पुन्हा डोके वर काढते. आमच्या फळीचे दुखणे ते हेच.

मिस्त्रींचा उपाय म्हणजे इपॉक्सी. हिची जन्मकथा मजेदार आहे. पियर कास्तान हा स्विस रसायनज्ञ दातांच्या कवळीसाठी पदार्थ शोधत होता. त्यातून ही राळ निघाली. बाझेलच्या सिबा कंपनीने १९४६ मध्ये ती 'अ‍ॅरल्डाइट' या नावाने बाजारात आणली. पुढे १९६० मध्ये सिबा आणि आपल्या वलसाडजवळची अतुल यांच्या भागीदारीतून सिबातुल ही कंपनी निघाली. म्हणजे ही विलायती राळ चलथाणला तशी शेजारीणच.

राळ आणि हार्डनर एकत्र आले की त्यांची आपसात गाठ बसते. त्यात उडून जाण्यासारखे काही नसते, म्हणून आकसणे नाममात्र. खाच भरली ती भरली.

"पण एक ऐका," मिस्त्री म्हणाले. "लाख स्पिरिटनं पुसली की निघते. हे निघत नाही. तासूनच काढावं लागेल. आजोबांची वस्तू आहे, तुम्ही ठरवा."

मी अडलो. भाच्याला चकाकी हवी होती. मला वाटत होते, ही खरखर तर आपल्या बालपणाची. तिच्यावर काच चढवायची? मिस्त्रींनी वाद घातला नाही. सागाचा एक तुकडा घेऊन अर्ध्यावर खडू-लाख आणि अर्ध्यावर इपॉक्सी भरून दिली. तो घेऊन मी बडोद्याला परतलो.

आईची नजर आता मंद झाली आहे. तिने तुकड्यावरून तळवा फिरवला, दोनदा फिरवला आणि इपॉक्सीच्या बाजूवर बोट ठेवले. "ही."

"आई, मग ही जुनी फळी राहणार नाही," मी म्हणालो.

"अरे, साठ वर्षं माझे पदर त्या शिरांत अडकले. सुतं निघाली ती माझ्या लुगड्यांची. तुझं काय गेलं?"

यावर मला उत्तर नव्हते. ज्या खरखरीला मी आठवण म्हणत होतो ती दुसऱ्या कुणाच्या पदराची फाटाफाट होती, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

पुन्हा चलथाण गाठले. मिस्त्रींनी काम संध्याकाळी धरले. लाकूड तापत असताना राळ लावली तर नळ्यांतली हवा फुगून बुडबुडे काढते. लाकूड निवत असताना लावली तर हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते. आधी काचकागद, मग सागाचे अंगचे तेल थिनरने पुसणे. राळ आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात काट्यावर तोलून, पसरट ताटलीत. खोल भांड्यात ते मिश्रण स्वतःच तापते. हातांत मोजे, कारण कातडीला एकदा त्याचे वावडे जडले की जात नाही. मग लवचीक पत्तीने शिरांना आडवे ओढत राळ आत दाबायची आणि वरची खरवडून काढायची. शिरांच्या दिशेने ओढले तर भरलेली राळ पत्तीबरोबर बाहेर येते. दुसऱ्या दिवशी दमट हवेने वर आलेला मेणचट थर पाण्याने धुऊन घासणी, मग दुसरा हात. शेवटी उन्हाने राळ पिवळी पडू नये म्हणून वर वॉर्निशचे संरक्षण.

मी एकच मागणे केले. फळीची खालची बाजू तशीच ठेवा. मिस्त्री हसले. "मी तिला हातच लावला नाही, आबा."

फळी आता कड्यांवर चढली आहे. आई रोज तिच्यावर बसते, कप कुठेही ठेवते. मी कधीमधी वाकून खालच्या बाजूला बोटे लावतो. तिथे अजून आजोबांचा साग आहे.