पोटातले जंत आपल्या रोगप्रतिकारशक्तीला गप्प कसे बसवतात?

हूकवर्मसारखे जंत माणसाच्या आतड्यात वर्षानुवर्षं राहू शकतात. मग शरीर त्यांना हाकलून का देत नाही? याचं एक उत्तर दडलंय 'रेग्युलेटरी टी' म्हणजेच टी-रेग पेशींमध्ये.

टी-रेग पेशी काय करतात?

रोगप्रतिकारक यंत्रणा विषाणू-जिवाणूंवर हल्ला करते. पण तिला आवर घातला नाही, तर ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते. हा आवर टी-रेग पेशी घालतात. त्यांच्यावरच्या संशोधनासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं.

जंत याचा फायदा कसा घेतात?

उंदरांच्या आतड्यातला एक जंत चक्क नक्कल करतो. टी-रेग तयार करायला सांगणारा शरीराचा स्वतःचा संदेश म्हणजे 'टीजीएफ-बीटा'. हा जंत त्याच्यासारखंच काम करणारं प्रथिन सोडतो. टी-रेग वाढतात, हल्ला थंडावतो आणि जंताचं फावतं.

माणसांमध्ये काय दिसलं?

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी या आजाराच्या जंत असलेल्या १२ आणि जंत नसलेल्या १२ रुग्णांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध केली. जंत असलेल्यांचा आजार खूप कमी वेळा उसळला. त्यांच्यातल्या चौघांना पुढे जंतांवर औषध द्यावं लागलं. जंत गेले, टी-रेग घटल्या आणि आजार पुन्हा बळावला.

मग जंत हेच औषध?

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये हे ७१ रुग्णांवर तपासलं गेलं. निम्म्या रुग्णांना हूकवर्मच्या २५ अळ्या दिल्या. २०२० मध्ये निकाल आला. टी-रेग वाढल्या होत्या, पण मेंदूतल्या नव्या जखमांच्या संख्येत ठोस फरक पडला नव्हता.

जंताची गोळी टाळावी का?

अजिबात नाही. प्रयोगात अळ्या मोजून दिल्या होत्या आणि डॉक्टरांचं लक्ष होतं. मातीतून शरीरात शिरणाऱ्या जंतांचा असा हिशेब नसतो. हूकवर्म रक्त पितात, त्यातून ॲनिमिया होतो. मुलांची वाढही खुंटू शकते. म्हणूनच भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षं वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी देतात.

संशोधकांची खरी आशा आहे ती जंतांच्या प्रथिनांवर. त्यांची युक्ती औषधात उतरवता आली, तर जंत पोटात पाळावे लागणार नाहीत.