ई-मेलद्वारे लेखनशिक्षण

ई-मेलद्वारे लेखनशिक्षण म्हणजे पाठ, स्वाध्याय आणि त्यांवरील अभिप्राय यांची ई-मेलने देवाणघेवाण करून लेखन शिकवण्याची दूरशिक्षणाची पद्धती होय. कथा, ललित निबंध, वृत्तलेखन, व्यावसायिक पत्रव्यवहार अशा विविध लेखनप्रकारांसाठी ही पद्धती वापरली जाते. पत्रद्वारा शिक्षणाचे हे पुढचे रूप मानता येते. शिकवण्याचे साधन आणि शिकण्याचा विषय येथे एकच असतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. शिक्षक लिहून शिकवतो आणि विद्यार्थी लिहून शिकतो. पाठ पाठवणे हा या पद्धतीतील सोपा भाग आहे. विद्यार्थ्याने लिहून पाठवलेला मजकूर कोण वाचतो आणि किती लक्षपूर्वक वाचतो, यावर अशा अभ्यासक्रमाची गुणवत्ता मुख्यतः अवलंबून असते.

पार्श्वभूमी

टपालाने शिक्षण देण्याची कल्पना जुनी आहे. १७२८ मध्ये 'बोस्टन गॅझेट' या अमेरिकेतील वृत्तपत्रात केलेब फिलिप्स यांनी लघुलेखनाचे पाठ दर आठवड्याला पाठवण्याची जाहिरात दिली होती. पाठ पाठवण्याबरोबरच विद्यार्थ्याचे काम मागवून ते तपासून परत करण्याची पद्धत मात्र आयझॅक पिटमन यांच्या उपक्रमामुळे रूढ झाली. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये अंतर कितीही असले तरी एक पेनी हा समान टपालदर लागू झाला. त्याचा लाभ घेऊन पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती टपालाने शिकवण्यास प्रारंभ केला. विद्यार्थी उताऱ्याचे लघुलेखन करून पाठवीत आणि ते दुरुस्त होऊन त्यांच्याकडे परत येई. स्वस्त व नियमित टपाल ही या शिक्षणाची पूर्वअट होती.

भारतात विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केला. त्यानंतर १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्यांना घरबसल्या शिक्षण मिळण्याची वाट या संस्थांनी रुंद केली.

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरील व्यक्तीने दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीला संदेश पाठवण्याची सोय रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केली. पुढे ई-मेल सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर टपालाने होणारे लेखनशिक्षण या माध्यमात सहज सामावले. उत्तरासाठी लागणारा टपालाचा काळ संपला, परंतु वाचण्यासाठी आणि विचार करण्यासाठी लागणारा वेळ तेवढाच राहिला.

प्रकार

अशा अभ्यासक्रमांचे साधारणपणे तीन प्रकार आढळतात.

स्वयंचलित अभ्यासक्रम : सर्व पाठ आधीच लिहून ठेवलेले असतात. विद्यार्थ्याने नाव नोंदवल्यापासून ठरावीक दिवसांनी एकेक पाठ आपोआप त्याच्याकडे जातो. प्रत्येकाचा 'पहिला दिवस' वेगळा असतो. स्वाध्याय दिलेला असला तरी तो कोणी तपासत नाही. हे अभ्यासक्रम बहुधा विनामूल्य किंवा अल्प शुल्काचे असतात.

मार्गदर्शकासह अभ्यासक्रम : प्रत्येक पाठानंतर विद्यार्थी आपले लेखन पाठवतो आणि नेमलेला मार्गदर्शक त्यावर अभिप्राय देतो. पिटमन यांच्या पद्धतीचा हा थेट वारसा होय.

गट-अभ्यासक्रम : आठ-दहा जणांचा गट एकमेकांचे लेखन वाचून मत देतो आणि मार्गदर्शक शेवटी समारोप करतो.

कार्यपद्धती

मार्गदर्शकासह चालणाऱ्या अभ्यासक्रमात पाठ, स्वाध्याय, अभिप्राय आणि पुनर्लेखन असे चार टप्पे असतात.

पाठ सहसा लहान असतो आणि त्यात एकच मुद्दा हाताळलेला असतो. उदाहरणार्थ, संवादातून पात्राचा स्वभाव कसा दिसतो किंवा निबंधाचा आरंभ कसा करावा. दोन पाठांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवले जाते. एकाच बैठकीत पुष्कळ शिकण्यापेक्षा तेच शिक्षण अंतराने केल्यास अधिक टिकते, असे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मरणविषयक प्रयोगांत दाखवले होते. लेखनाच्या बाबतीत या अंतराचा आणखी एक लाभ होतो. आपलाच मजकूर चार दिवसांनी वाचताना लेखक काही प्रमाणात परक्या वाचकाच्या नजरेने तो पाहू शकतो.

स्वाध्यायात शब्दमर्यादा आणि मुदत दिलेली असते. मर्यादा लहान असल्यामुळे मार्गदर्शकाला प्रत्येक वाक्य वाचता येते.

अभिप्राय देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विद्यार्थ्याचा मजकूर उत्तरात तसाच ठेवून त्याच्या ओळींच्या मधे टिप्पणी लिहितात. मूळ ओळींच्या आरंभी कोनचिन्ह येत असल्याने कोणाचे शब्द कोणते, हे स्पष्ट राहते. दुसरीत मजकूर धारिकेच्या रूपात जोडला जातो आणि समासात टिपा दिल्या जातात. केलेले बदल वेगळ्या रंगात दाखवण्याची सोयही अशा धारिकेत असते. दोन्ही पद्धतींत पहिला खर्डा, त्यावरील टिपा आणि सुधारित खर्डा जपून राहतात. वर्गात तोंडी केलेली सूचना विसरली जाऊ शकते, ई-मेलमधील सूचना महिन्याभरानेही पुन्हा वाचता येते.

पुनर्लेखन हा शेवटचा टप्पा घाईत वगळला जाण्याचा संभव सर्वाधिक असतो. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात नवशिके विद्यार्थी आणि अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली आहे. विद्यार्थी प्रामुख्याने शब्द बदलतात, तर अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याचा आकारच नव्याने शोधतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे सुधारित खर्डा मागवणारा आणि तोही वाचणारा अभ्यासक्रम अधिक उपयुक्त ठरतो.

अभिप्रायाचे स्वरूप

सॉमर्स यांनीच १९८२ मध्ये शिक्षकांच्या लेखी शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुष्कळसे शेरे इतके सर्वसाधारण होते की एका विद्यार्थ्याच्या वहीतील शेरा दुसऱ्याच्या वहीत नेला तरी फरक पडला नसता. काही ठिकाणी एकाच परिच्छेदातील शुद्धलेखन सुधारण्याची आणि तोच परिच्छेद नव्याने लिहिण्याची अशा परस्परविरोधी सूचना दिलेल्या होत्या. जो परिच्छेद मुळातच बदलायचा आहे, त्यातील ऱ्हस्व-दीर्घ सुधारून विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. 'आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून तेथील माणसे प्रेमळ आहेत' असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले, तर 'छान', 'वर्णन वाढवा' किंवा 'भाषा सुधारा' हे शेरे त्याला पुढे नेत नाहीत. 'एस.टी.तून उतरल्यावर प्रथम काय दिसते? गावातील एका माणसाचे प्रेमळ वागणे दाखवणारा एक प्रसंग सांगा' असा शेरा मिळाल्यास पुढच्या खर्ड्यात काय करायचे, ते त्याला कळते. पाठांतरातून आलेले वाक्य बाजूला सारून तो स्वतःच्या पाहण्याकडे वळतो. चांगल्या अभिप्रायात वाचकाला कोठे काय जाणवले ते सांगितलेले असते, एका वेळी एक-दोन गोष्टींवरच भर असतो आणि दुरुस्ती लेखकाने स्वतः करावी अशी अपेक्षा असते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक बर्ये होल्मबर्ग यांनी पाठ आणि अभिप्राय यांकडे शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील मार्गदर्शक संभाषण म्हणून पाहिले. संबोधन, सूर आणि प्रश्न यांतून आत्मीयता निर्माण झाली तर विद्यार्थ्याची शिकण्याची इच्छा टिकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ई-मेलमध्ये चेहरा व आवाज नसल्याने सुराला अधिक महत्त्व येते. समोरासमोर हसत केलेली टीका लिहिल्यावर कठोर वाटू शकते.

गटातील परस्परवाचन

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये सुरू झालेल्या लेखक-कार्यशाळेमुळे एकत्र बसून एकमेकांचे लेखन वाचण्याच्या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली. १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मिलफर्ड येथे विज्ञानकथालेखकांची जी कार्यशाळा सुरू झाली, तिच्या नावाने 'मिलफर्ड पद्धती' ओळखली जाते. तीत प्रत्येक जण आळीपाळीने मत मांडतो, तोवर लेखक मौन पाळतो आणि अखेरीस उत्तर देतो. हा नियम ई-मेलवरही पाळता येतो. सर्वांची मते येईपर्यंत लेखकाने उत्तर द्यायचे नाही, एवढेच ठरवावे लागते. आपले म्हणणे समजावून सांगण्याची संधी नसल्यामुळे कागदावर काय उतरले आहे आणि काय मनातच राहिले आहे, हे लेखकाला उमगते. दुसऱ्याच्या लेखनावर कारणासह मत देण्याचा सराव हाही या पद्धतीचा लाभ होय.

मराठीतील लेखनशिक्षण

आरंभीच्या ई-मेलमध्ये रोमन लिपीवर आधारित १२८ चिन्हांचा संचच वापरता येत असे. १९९२ मध्ये ठरलेल्या 'माइम' या मानकामुळे अन्य लिप्यांतील मजकूर आणि जोडधारिका पाठवणे शक्य झाले. तरीही मराठी मजकूर प्रदीर्घ काळ विशिष्ट टंकांवर अवलंबून होता. पाठवणाऱ्याचा टंक वाचणाऱ्याच्या संगणकावर नसेल, तर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. त्यामुळे अनेक जण रोमन लिपीत मराठी लिहीत. अशा लेखनावर शुद्धलेखनाचा अभिप्राय देणे अशक्यच होते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. पुढे संगणकांत व मोबाइलमध्ये युनिकोड रुळल्यावर ही अडचण बव्हंशी दूर झाली.

मराठी लेखनाच्या तपासणीत काही बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली. १९७२ मध्ये त्यांत भर पडून नियमांची संख्या १८ झाली. त्यांनुसार 'कवी' हा शब्द दीर्घान्त लिहिला जातो, मात्र 'कविराज' या समासात तो ऱ्हस्वच राहतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, हा अर्थभेद रफार व अर्ध्या ऱ-काराने दाखवला जातो. अर्धा ऱ-कार कसा टंकावा हे माहीत नसल्याने होणारी चूक आणि नियम माहीत नसल्याने होणारी चूक दिसायला सारखीच असते. मार्गदर्शकाने विचारल्याखेरीज तिचे कारण कळत नाही.

मर्यादा व टीका

लेखनशिक्षण विकले जाते तेव्हा काय घडू शकते, याचे बोधप्रद उदाहरण टपालाच्या काळातील आहे. अमेरिकेत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या 'फेमस रायटर्स स्कूल' या संस्थेच्या जाहिरातींत बेनेट सर्फ यांच्यासह अनेक नामवंतांची नावे झळकत. लेखिका जेसिका मिटफर्ड यांनी जुलै १९७० च्या 'अटलांटिक' मासिकात या संस्थेच्या कारभाराची चिकित्सा केली. हे नामवंत विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासत नव्हते. प्रवेशासाठी गुणवत्तेची कसोटी नावापुरती होती आणि अभ्यासक्रम अर्धवट सोडणाऱ्यांनी भरलेल्या शुल्कावर व्यवसाय चालत होता, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर संस्थेचा व्यवसाय झपाट्याने घसरला.

या प्रकरणात फसगत झाली ती मुख्यतः वाचकाच्या बाबतीत. विद्यार्थ्याला वचन एका वाचकाचे दिले होते, प्रत्यक्षात वाचणारा दुसराच होता. ई-मेलमुळे हजारो जणांना पाठ पाठवण्याचा खर्च नगण्य झाला आहे. एका विद्यार्थ्याचा निबंध मनापासून वाचण्याचे श्रम मात्र कमी झालेले नाहीत. त्यामुळे विद्यार्थिसंख्या वाढली की पहिली काटछाट अभिप्रायात होते. अभिप्राय कोण देणार, किती स्वाध्यायांवर देणार आणि सुधारित खर्डा पुन्हा वाचला जाणार की नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून अभ्यासक्रमाचे खरे स्वरूप कळते.

याखेरीज काही मर्यादा माध्यमातूनच येतात. ठरलेल्या वेळी वर्गात जाण्याचे बंधन नसल्याने पाठ न वाचता साचत जातात. कवितेचे वाचन किंवा नाट्यसंवादाचा उच्चार अशा ध्वनीशी निगडित गोष्टी केवळ मजकुरातून शिकवणे कठीण जाते. दुसरीकडे, गावात वाचनालय वा साहित्यमंडळ नसलेल्यांना, वेळेचे बंधन न पाळता येणाऱ्यांना आणि परदेशी वास्तव्य असलेल्या मराठी भाषकांना आपले लेखन बारकाईने वाचणारी व्यक्ती या माध्यमातून घरबसल्या लाभू शकते.