नाताळची जेली : फळ सुरगाण्याचं, साखर उसाची



सुरगाणा तालुक्यात बोरगाव, घोडांबे भागात आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात. ऐन नाताळात ती सापुताऱ्याच्या रस्त्याला विकायला असते. मोठं फळ खोक्यात जातं. बारकं, जास्त पिकलेलं मागं राहतं अन् दोन दिवसांत नासतं. नाताळच्या फराळाला त्याचीच जेली छान होते, म्हणून ही कृती देत आहोत.

जिलेटिन जनावरांच्या हाडा-चामड्यापासून होतं, ते घट्ट व्हायला फ्रीज लागतो. चायना ग्रास समुद्रशेवाळाचं. ते साध्या हवेतच धरतं.

कृती : १० ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास भिजवावे व उकळून पूर्ण विरघळवावे. २०० ग्रॅम साखर घालावी. पातेलं खाली उतरवून मगच ४०० ग्रॅम स्ट्रॉबेरीचा कोमट गर मिसळावा. आंबट फळ बरोबर उकळलं तर जेली नीट धरत नाही. ताटात ओतावी, निवली की वड्या पाडाव्यात.

बाजूला पडलेल्या मालाचं दुःख आपल्याला कुणी सांगायला नको. त्या रस्त्यानं गेलात, तर बारकी फळं घासाघीस न करता घ्यावीत, ही विनंती.