पठारावर थांबलेला आकडा

गोल्फ शिकू लागलेल्या प्रौढ माणसाचे पहिले वर्ष विलक्षण आनंदाचे असते. चाळिशी ओलांडल्यावर व्यवसायात नवे काही शिकण्याचे प्रसंग विरळ होत जातात, मुले आपापल्या मार्गाला लागलेली असतात, आणि अशा वेळी हाती आलेला हा खेळ दर आठवड्याला काही ना काही नवे देत राहतो. पहिल्या महिन्यात चेंडू गवतावरून नुसता घरंगळतो, दुसऱ्या महिन्यात तो हवेत उठतो, आणि सहाव्या महिन्यात एखादा फटका असा बसतो की जवळचा कॅडीही मान डोलावतो. अठरा होलची फेरी सव्वाशे फटक्यांवरून शंभराच्या खाली उतरते. मग केव्हातरी ही उतरण थांबते. हँडिकॅप अठरा किंवा सतरावर येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. नवा ड्रायव्हर खरेदी होतो, प्रशिक्षक बदलला जातो, घरच्यांची नाराजी पत्करून रविवारची सकाळ मैदानावर घालवली जाते. आकडा मात्र जागचा हलत नाही.

हौशी गोल्फरांच्या जगात या अवस्थेइतके सार्वत्रिक दुसरे काही नसेल. अमेरिकेत नोंदणीकृत पुरुष खेळाडूंचा सरासरी हँडिकॅप साधारण चौदा आणि स्त्रियांचा अठ्ठावीसच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की, ज्या देशात मैदाने, शिक्षक आणि साधने यांची रेलचेल आहे, तिथेही बहुसंख्य माणसे मधल्याच कुठल्यातरी पायरीवर वर्षानुवर्षे उभी असतात.

या अवस्थेला ‘पठार’ हे नाव मिळाले ते मात्र खेळाच्या मैदानावरून नव्हे, तर तारखात्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारयंत्र शिकणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला. हार्टर स्वतः पूर्वी तारयंत्रावर काम केलेले गृहस्थ होते. १८९७ आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत एक वेधक आलेख आहे. संदेश पाठवण्याचे कौशल्य सलग वाढत जाते. परंतु येणारा संदेश ऐकून उतरवून घेण्याचे कौशल्य काही काळ वाढते, मग महिनोन्महिने आडव्या रेषेत चालते, आणि त्यानंतर पुन्हा उसळी घेते. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ही आडवी रेषा मुख्य मार्गावर नोकरी मिळण्यास लागणाऱ्या वेगाच्या किंचित खालीच येत असे. कित्येक उमेदवार नेमके तिथे कंटाळून धंदा सोडून देत.

ब्रायन आणि हार्टर यांनी याचे कारण सांगितले ते असे. नवशिका उमेदवार सुटी अक्षरे ऐकतो. अक्षरे अंगवळणी पडली की त्याला सबंध शब्द ऐकू येऊ लागतात, आणि पुढे शब्दसमूह. आडव्या रेषेच्या काळात वरवर काही घडत नाही. पण खालच्या पायरीवरच्या सवयी इतक्या पक्क्या होत असतात की वरच्या पायरीसाठी मन मोकळे व्हावे. नंतरच्या संशोधकांपैकी काहींनी या स्पष्टीकरणावर, आणि मूळ आलेखावरही, शंका घेतली. तरी ‘पठार’ हा शब्द टिकला, कारण ज्याने काही शिकण्याचा प्रयत्न केला आहे अशा प्रत्येकाला तो अनुभवाने पटतो. हार्मोनियमवर बोटे फिरवणाऱ्यालाही आणि टंकलेखन शिकणाऱ्यालाही.

गोल्फमध्ये या पठाराला आणखी एक कठोर कारण आहे. चेंडू आणि क्लबचा पृष्ठभाग यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. एवढ्या अवधीत मन काहीही दुरुस्त करू शकत नाही. जे शरीराला आधीच ठाऊक आहे तेच घडते. त्यात चूक किती महाग पडते, हे साध्या भूमितीने कळते. चेंडू दोन अंशांनी वाकड्या दिशेने निघाला, तर २३० यार्डांवर तो आठ यार्ड बाजूला पडतो, आणि हवेत वळला तर त्याहूनही दूर. म्हणून गोल्फर जे शिकतो ते लवकरात लवकर सवयीच्या स्वाधीन करतो. १९६७ मध्ये पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी कौशल्य शिकण्याच्या तीन अवस्था मांडल्या, त्यांतली शेवटची हीच: क्रिया आपोआप होऊ लागणे. मोटार चालवताना गिअरचा विचार करावा लागत नाही, हे वरदान आहे. पण स्विंगमध्ये एखादा दोष राहून गेला असेल, तर तोही तितक्याच इमानाने आपोआप घडत राहतो. अठराचा हँडिकॅप असलेला माणूस पुष्कळदा अर्धवट शिकलेला नसतो. चुकीची गोष्ट पूर्णपणे शिकलेला असतो.

ती मोडायची तर काही काळ खाली उतरावे लागते. टायगर वुड्स १९९७ मध्ये मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकला आणि त्यानंतर त्याने आपला स्विंग पुन्हा नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये त्याला अमेरिकेच्या पीजीए टूरवर एकच विजय मिळाला. लोक कुजबुजू लागले. २००० मध्ये त्याने एकाच वर्षी तीन मेजर स्पर्धा जिंकल्या. ही कथा प्रशिक्षक मोठ्या आवडीने सांगतात. पण वुड्सपाशी त्या कामासाठी सबंध दिवस होता. आठवड्यातून एकदा, तेही दुकान किंवा दवाखाना सांभाळून खेळणाऱ्याने पकड बदलली, तर त्याचे सहा महिने नुसते विस्कटण्यात जातात, आणि रविवारच्या चौकडीतील मित्र सामना हरल्याचा हिशेब मागतात. बहुतेक जण तिसऱ्याच आठवड्यात जुन्या पकडीकडे परततात. यात आळस नाही, साधा व्यवहार आहे, आणि तो समजून न घेता ‘सरावाने सारे साधते’ असे सांगत सुटणे अन्यायाचे ठरते.

सराव आणि यश यांच्या नात्याची सर्वांत धाडसी परीक्षा अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी झाली. डॅन मॅक्लॉफ्लिन हा तिशीचा तरुण व्यावसायिक छायाचित्रकार होता. गोल्फ तो जवळजवळ खेळलेलाच नव्हता. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ मधील पुस्तकाने त्यातून ‘दहा हजार तास’ हा मंत्र घरोघर पोहोचवला होता. (खुद्द एरिक्सन यांना हे सुलभीकरण मान्य नव्हते, तासांच्या संख्येपेक्षा ते तास कसे घालवले याला त्यांच्या लेखी महत्त्व होते.) मॅक्लॉफ्लिनने ठरवले की नोकरी सोडायची, साठवलेल्या पैशांवर राहायचे, दहा हजार तास पद्धतशीर सराव करायचा आणि व्यावसायिक दर्जा गाठता येतो का ते पाहायचे. एप्रिल २०१० मध्ये त्याने आरंभ केला. सुरुवात होलपासून अगदी हातभर अंतरावरून, तेही फक्त पटर घेऊन. ते साधल्यावर थोडे मागे, मग आणखी मागे. कित्येक महिने त्याच्या पिशवीत दुसरा क्लबच नव्हता. पूर्ण संच हाती यायला वर्षाहून अधिक काळ गेला.

त्याची प्रगती थक्क करणारी होती. त्याचा हँडिकॅप २.६ पर्यंत खाली आला. बहुसंख्य हौशी खेळाडूंना जन्मभर खेळून तो आकडा दिसत नाही. परंतु व्यावसायिक खेळाडू शून्याच्याही पलीकडे असतात, आणि दोन-तीनपासून तिथवरचे अंतर तीसपासून तीनपर्यंतच्या अंतराहून कठीण असते. पुढे त्याची पाठ दुखावली. सुमारे सहा हजार तासांनंतर, २०१५ च्या सुमारास, त्याला सराव थांबवावा लागला. काहींनी याला फजिती म्हटले, काहींनी दहा हजार तासांच्या सिद्धांताचा पराभव. दोन्ही निष्कर्ष उतावळेपणाचे वाटतात. एका माणसावरून सिद्धांत सिद्ध होत नाही आणि खोटाही ठरत नाही. मात्र एक गोष्ट त्यातून दिसते: मनाची तयारी कितीही असली तरी पठाराचा शेवटचा मालक शरीर असते, आणि मध्यमवयीन कमरेला तासांचा हिशेब समजावून सांगता येत नाही.

तास कसे घालवावेत, या प्रश्नाचे उत्तर ड्रायव्हिंग रेंजवर सहसा चुकीचे दिले जाते. टोपलीभर चेंडू घ्यायचे, सात नंबरचा आयर्न उचलायचा आणि एकाच खुणेकडे पन्नास वेळा मारायचे, ही रूढ पद्धत. विसाव्या चेंडूपासून फटके सुरेख बसू लागतात आणि माणूस समाधानाने घरी जातो. पण मैदानावर एकच फटका लागोपाठ दोनदा मारायला मिळत नाही. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हातांच्या साध्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, एकच हालचाल सलग घोटवणारे सरावाच्या वेळी सरस ठरले. परंतु काही दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा हालचाली सरमिसळ करून शिकलेले पुढे निघाले. पन्नास चेंडूंतला प्रत्येक चेंडू वेगळ्या क्लबने, वेगळ्या लक्ष्याकडे, मध्ये मागे सरून पुन्हा पवित्रा घेऊन मारला, तर तो दिवस कुरूप दिसतो. शिकणे मात्र पदरी पडते.

काय घोटावे हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. ‘ड्रायव्हर दिखाव्यासाठी, पटर पैशासाठी’ अशा अर्थाची म्हण गोल्फमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लक्षावधी फटक्यांच्या नोंदी तपासून तिला हादरा दिला. प्रत्येक फटक्याने किती लाभ वा तोटा झाला हे मोजण्याची त्यांची रीत पीजीए टूरने २०११ मध्ये पटिंगसाठी स्वीकारली. त्यांच्या हिशेबानुसार चांगल्या आणि सामान्य खेळाडूंतला सुमारे दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. शिवाय आठ फुटांवरून जगातले व्यावसायिकही निम्म्याच वेळा चेंडू होलमध्ये घालतात, हे कळले की सहा फुटांवरून चुकल्याबद्दल स्वतःला बोल लावणारा गृहस्थ जरा सैल होतो. तलावात गेलेला एक आणि झाडीत हरवलेला एक, असे दोन चेंडू वाचले तरी त्याचे तीन-चार फटके वाचतात. त्यासाठी स्विंग बदलावा लागत नाही. बंकरच्या कडेला लावलेल्या झेंड्याकडे न मारता ग्रीनच्या मध्यावर मारण्याची बुद्धी लागते.

पठार कधीकधी नुसता दृष्टिभ्रमही असतो. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत अलीकडच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ फेऱ्यांवरून हँडिकॅप ठरतो. म्हणजे हा आकडा माणसाची सरासरी सांगत नाही, त्याच्या चांगल्या दिवसांची क्षमता सांगतो. चार-पाच फेऱ्यांत एखादीच त्या आकड्याप्रमाणे होणे हे अगदी स्वाभाविक आहे. उरलेल्या दिवशी तो स्वतःला पिछाडीवर समजतो. उलट, वाईट फेऱ्यांतले खड्डे भरून आले, शंभर-सव्वाशेचे दिवस संपले, तरी उत्तम आठ तेवढेच राहिले तर आकडा हलत नाही. सुधारणा झालेली असते, फक्त कागदावर उमटत नाही.

‘हौशी’ या शब्दाला आज थोडा कमीपणाचा वास येतो, म्हणून दोन नावे आठवावीत. बॉबी जोन्सने १९३० मध्ये एका वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. तो अखेरपर्यंत हौशीच राहिला. आपल्याकडे १९६५ मध्ये पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी यांनी हौशी खेळाडू असताना इंडियन ओपन जिंकली, आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. ज्या देशात १८२९ पासून कोलकात्यात गोल्फ खेळला जात होता, तिथे हा मान एका हौशी माणसाने मिळवला.

राहता राहिली वयाची गोष्ट. पंचेचाळिशीत सतरा हँडिकॅप असलेला माणूस साठीतही सतराच असेल, तर घरातली मंडळी ‘पंधरा वर्षे खेळून काय मिळवले?’ असे थट्टेने विचारतात. त्या पंधरा वर्षांत त्याच्या खांद्यांचा फिरता आवाका घटलेला असतो, क्लबचा वेग मंदावलेला असतो, ड्रायव्हरचा फटका पूर्वीपेक्षा कितीतरी यार्ड अलीकडे पडत असतो. तरीही आकडा तोच आहे, याचा अर्थ गेलेला प्रत्येक यार्ड त्याने दुसरीकडून भरून काढला आहे: ग्रीनजवळच्या हलक्या चिपने, उताराचा अंदाज घेण्याने, मोहाचा फटका टाळण्याने. मुंबईत चेंबूरच्या मैदानावर असो वा पुण्यात, जुन्या कॅडींना हे अचूक कळते. दीडशे यार्डांवर पूर्वी सात नंबरचा आयर्न मागणाऱ्या साहेबांच्या हाती ते न विचारताच पाच नंबरचा देतात. साहेबही काही न बोलता तो घेतात, सावकाश फिरवतात, आणि चेंडू ग्रीनच्या मध्यावर जाऊन थांबतो.