ऋण बारा महिने

आंजर्ल्यास पावसाळ्याचे चार महिने वीज व इंटरनेट ह्यांचा भरंवसा धरण्यासारखा नसतो. तरीही आमचा पुतण्या गेल्या आषाढांत आपला लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरीं आला, तो चांगला तीन आठवडे राहिला. निमित्त आईस भेटण्याचें होतें; पण त्यासोबत एक बेतही होता, आणि त्या बेताशीं आमच्या वहिनींच्या बारा लाख रुपयांचा संबंध होता.

३ जून २०२० रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें ह्या किनाऱ्यावरील बागांची केलेली वाताहत वाचकांच्या स्मरणांत असेलच. पोफळी काडीसारख्या मोडल्या, आंब्याचीं जुनीं कलमें मुळांसकट उपटलीं. वहिनींच्या वांटणीची बागही त्यांतच गेली. नवें कलम लावावें तर तें बऱ्यापैकीं धरूं लागेपर्यंत पांचसहा वर्षें जावयाचीं. तेव्हां काटकसरीनें जपलेल्या ह्या रकमेचें करावें काय, हा प्रश्न घरांत वारंवार निघे. पुतण्याचें म्हणणें असें कीं, दरमहा दहा हजारांप्रमाणें दहा वर्षें ती शेअरबाजारांत घालावी, आणि कोणते समभाग घ्यावयाचे तें त्यानें लिहिलेल्या आज्ञावलीनें ठरवावें.

ही आज्ञावली पायथॉन नांवाच्या भाषेंत होती. पायथॉन म्हणजे अजगर; परंतु गिडो व्हॅन रॉसम ह्या डच गृहस्थानें १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ह्या भाषेचें नांव अजगरावरून नव्हे, तर विलायतेंतील एका विनोदी नटमंडळीवरून पडलें आहे. असो. आज्ञावलीचा नियम अगदीं सोपा होता. प्रत्येक महिन्यास, बारा महिन्यांपूर्वीच्या भावाशीं तुलना करून, सर्वांत अधिक उतरलेले पांच समभाग घ्यावयाचे व अखेरपर्यंत ठेवावयाचे. परीक्षेसाठीं त्यानें जानेवारी २०१० पासून डिसेंबर २०१९ पर्यंतच्या एकशें वीस महिन्यांचे भाव घेतले होते.

प्रथम उत्तर सव्वीस लाखांचें आलें. तें त्याच्या मनास येईना, म्हणून त्यानें खरेदीची यादी काढून तपासली. सप्टेंबर २०१६ मध्यें पुण्याच्याच बजाज फायनान्सचा समभाग, एका दिवसांत नऊदशांश किंमत गमावलेला म्हणून, यंत्रानें हौसेनें विकत घेतला होता. वास्तविक त्या महिन्यांत कंपनीनें दहा रुपयांच्या एका समभागाचे दोन रुपयांचे पांच केले होते व शिवाय एकास एक बोनस दिला होता. एकाचे दहा झाले, म्हणून अकरा हजारांच्या घरांतील भाव अकराशेंच्या घरांत आला. कोणाचें कांहींच बुडालें नव्हतें. पुतण्यानें सगळे जुने भाव त्या प्रमाणांत सुधारून घेतले. आतां उत्तर आलें सत्तर लाखांच्या वर! तपास तेथेंच थांबला, आणि आईकडे रकमेची गोष्ट निघाली.

आम्हांस पायथॉन येत नाहीं. परंतु आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळें एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. उत्तर चुकीचें दिसलें तरच मुलगा रीत पुन्हां पाहतो. पुस्तकाच्या मागील उत्तराशीं जुळलें कीं वही मिटतो. मोठ्यांचेंही तसेंच असतें. कॅनडांतील व्हँकुव्हरच्या शेअरबाजारानें जानेवारी १९८२ मध्यें एक हजारावर सुरू केलेला निर्देशांक, दर वेळीं दशांशाच्या तीन स्थळांपुढील अंक नुसते छाटून टाकल्यामुळें, दिवसांतून हजारों वेळां कणाकणानें झिजत राहिला. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास आला होता. नीट हिशेब केल्यावर तो १०९८ निघाला. बाजार बरा चालला असतां आंकडा उतरतो कसा, ही शंका तेथें येण्यास वाव तरी होता. तोच आंकडा फुगत गेला असता तर कोणी पाहिलें असतें कीं नाहीं, देव जाणे.

तेव्हां आम्हीं पुतण्यास पाटावर बसविलें, दिनदर्शिकेचें मागचें कोरें पान पुढें ठेवलें, आणि म्हटलें, "पहिल्या महिन्याची खरेदी हातानें करून दाखव." तो हंसला, पण बसला.

"जानेवारी २०१० चा भाव हा," तो म्हणाला, "आणि बारा महिन्यांपूर्वींचा..."

"तो कोठून आणलास? तुझी वही तर जानेवारी २०१० लाच सुरू होते."

बराच वेळ तो पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, ऋण बारा!"

उलगडा असा. पायथॉनमध्यें यादी मोजतांना पहिल्या जागेस शून्य म्हणतात. पहिल्या महिन्यांतून बारा वजा केले कीं ऋण बारा ही जागा येते. अशी जागा मुळांत नाहीं, तेव्हां यंत्रानें अडून बसावें अशी आपली अपेक्षा. पण ह्या भाषेंत ऋण एक म्हणजे यादींतील शेवटची जागा व ऋण बारा म्हणजे शेवटून बारावी, असा सोयीचा संकेत आहे. त्यामुळें यंत्रानें जानेवारी २०१० च्या भावाची तुलना निमूटपणें जानेवारी २०१९ च्या भावाशीं केली. जो समभाग पुढें सर्वांत अधिक चढणार, तोच 'सर्वांत अधिक उतरलेला' ठरला! त्याच बजाज फायनान्सचा भाव त्या दशकांत शंभरपटीहून अधिक वाढला आहे, आणि पहिल्या वर्षाच्या याद्यांत तो होताच. पहिल्या बारा महिन्यांची खरेदी ही खरेदी नव्हती, ती भविष्यकथा होती.

पाणिनीनें अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतील नियम आधींच्या नियमांच्या दृष्टीनें असिद्ध, म्हणजे घडलेच नाहींत असे, मानावयास सांगितले आहे. मागच्यास पुढचें दिसतां कामा नये, ही खबरदारी त्या वैयाकरणानें घेतली होती. आमच्या पुतण्यानें घेतली नव्हती. हें त्यास सांगितलें तेव्हां तो थोडा रागावला, पण त्यानें चूक सुधारली व खरेदी जानेवारी २०११ पासून धरली. दहा लाख ऐशीं हजारांचे अठरा लाख झाले.

वहिनी इतका वेळ माजघरांत निवडणें घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याच्या यादींत बुडालेल्या कंपन्या किती आहेत, तें विचारा. बागेचा हिशेब पडलेलीं झाडें वगळून केला तर माझीही बाग उत्तम होती."

एकही नव्हती! यादी त्यानें आज बाजारांत नांवारूपास असलेल्या कंपन्यांचीच घेतली होती, आणि उतरलेलाच समभाग घेण्याच्या नियमास ह्याहून घातक यादी नाहीं. कारण तींतील प्रत्येक पडलेला पुन्हां उठलेलाच असतो. दिवाण हाउसिंग फायनान्सचा समभाग सप्टेंबर २०१८ मध्यें सहाशेंच्या घरांत होता, पुढील वर्षाच्या अखेरीस वीस रुपयांच्या आसपास आला, आणि २०२१ मध्यें भागधारकांच्या हातीं शून्य देऊन बाजारांतून गेला. नियमाप्रमाणें यंत्रानें तो उतरतां उतरतां महिनोन् महिने घेतला असता. जुन्या याद्या मिळवून असल्या कंपन्या आंत घालण्यास पुतण्यास आठवडा लागला. दोन दिवस तर वीजच नव्हती. शेवटचें उत्तर साडेअकरा लाख आलें. पोस्टांतील आवर्ती ठेव त्याहून बरी.

तो पुण्यास परतला तेव्हां आज्ञावलींत एक नवी ओळ होती: जागा ऋण आली तर तेथेंच थांबावयाचें. वहिनींनीं तीन लाख बागेकडे वळविले व बाकीचे ठेवींत राहूं दिले. श्रावणांत उघडीप मिळतांच खड्ड्यांत माती भरून हापुसाचीं चाळीस कलमें लावलीं. त्यांपैकीं दोन गुरांनीं खाल्लीं, अडतीस उभीं आहेत.