पासिंग किती, माल किती?

चाकावरचा धंदा : भाग ५

ठाण्याहून बाळकुम ओलांडून कशेळीच्या पुलावर आलं, की जुना आग्रा रोड भिवंडीच्या दिशेनं निघतो. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा ही गावं एकाला एक लागून आहेत. गाव कुठं संपलं आणि गोदामं कुठं सुरू झाली, हे आता सांगता येत नाही. मुंबईत जकात होती तोवर माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याला परवडायचं. जमीन स्वस्त होती, हद्द ग्रामपंचायतीची होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत, उलट वाढली. मोठा ट्रेलर न्हावा-शेव्याहून किंवा गुजरातेतून माल आणून उतरवतो. तिथून मुलुंडचं दुकान, डोंबिवलीची एजन्सी, वसईचा कारखाना इथवरचा पल्ला पिकअपचा. शहरात अवजड गाड्यांना वेळेचं बंधन आहे आणि गल्लीत ट्रक वळतही नाही. म्हणून पूर्णा गावात मेट्रो-५च्या खांबांखालून दिवसभर पांढऱ्या पिकअपची रांग सरकत असते.

मागच्या भागात कर्ज आणि हप्ता पाहिला. आज गाडीच पाहू: कोणती घ्यायची, तिच्यावर काय चढवायचं आणि तिला सांभाळायचं कसं.

अमेरिकेत फोर्डच्या एफ मालिकेचे पिकअप १९७७ पासून तिथले सर्वाधिक खपाचे ट्रक आहेत, पण त्यातले कितीतरी घरच्या वापराचे असतात. आपल्याकडेही टोयोटा हायलक्स, इसुझू डी-मॅक्स मिळतात. मात्र गोदामाच्या गेटवर ‘पिकअप लाव’ म्हटलं, की बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त नाहीतर बडा दोस्त यांच्यापैकी एखादी मागं येऊन लागते. ही गाडी घर चालवते. त्यामुळे ती घेताना पहिला प्रश्न कंपनीचा किंवा ॲव्हरेजचा नसावा. आपण रोज काय उचलणार आहोत, हा पहिला प्रश्न.

पूर्णा-काल्हेरच्या पट्ट्यात माल दोन तऱ्हेचा. सौंदर्यप्रसाधनं, बिस्किटं, प्लास्टिकच्या वस्तू, ऑनलाइन विक्रीची पार्सलं या मालानं हौदा भरतो, पण वजन होत नाही. त्याला लांब आणि उंच बॉडी हवी. दुसरा माल भिवंडीचा जुना: सुताच्या गोण्या, कापडाचे तागे, शिवाय लोखंड, टाइल्स, रसायनांचे ड्रम. यात अर्धा हौदा रिकामा दिसतो आणि पाटे मात्र सरळ झालेले असतात. पहिल्या मालासाठी दोन टनांची गाडी घेणारा उगाच जास्त हप्ता भरतो. दुसऱ्या मालासाठी सव्वा टनाची घेणारा गाडी दोन वर्षांत खिळखिळी करतो. एकाच बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये १.३ टनांपासून २ टनांपर्यंतची मॉडेल्स आहेत, योद्धाही २ टनांपर्यंत जाते. शोरूममध्ये जाण्याआधी ज्याच्याकडे काम मिळणार आहे त्याच्या महिन्याभराच्या मालाच्या पावत्या मागून पाहाव्यात. एवढं कोणी नाकारत नाही.

आता पासिंग. सेल्समन ‘दीड टन पासिंग’ म्हणतो तेव्हा दीड टन माल बसेल असं आपण धरतो. आरसीवर दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन. त्यांच्यातला फरक म्हणजे तुमच्या हातात आलेले किलो. समजा एकूण वजन २,९९० आणि रिकामं १,६९०, तर फरक १,३००. त्यातून ड्रायव्हर आणि हेल्परचे दीडशे वजा करा. नंतर बसवलेला चेकर पत्रा, लोखंडी जाळी, ताडपत्रीची कमान यांचे शंभर-सव्वाशे. दोर, ताडपत्री, जॅक, हमालांची फळी यांचे आणखी वीस-तीस. उरले हजाराच्या आसपास. म्हणून बॉडीचं सगळं काम झाल्यावर, टाकी भरून, ड्रायव्हर-हेल्परला बसवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी आणि ती पावती कागदपत्रांच्या पिशवीत कायमची ठेवावी. भाडं ठरवताना खरा आकडा हा. काट्याचे पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

कायद्याच्या बाजूनंही वजनाला महत्त्व आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलात की परमिट आलं. लायसन्सबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. अपघातानंतर या मुद्द्यावरून विमा अडत असे, तो प्रश्न मिटला. ज्वालाग्राही किंवा विषारी रसायनांचे ड्रम न्यायचे असतील तर मात्र ड्रायव्हरला धोकादायक मालाचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. या पट्ट्यात रसायनांची गोदामं भरपूर आहेत, तेव्हा ‘एकदाच न्यायचंय’ म्हणून असा माल उचलू नये.

कराचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधी, १ जुलै २०२५ पासून, महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागू झाला. दहा लाखांच्या गाडीला हे ७० हजार होतात आणि ते सुरुवातीलाच द्यावे लागतात. शोरूमच्या फलकावरची किंमत आणि रस्त्यावर आलेल्या गाडीची किंमत यांत हा फरक धरूनच मार्जिन मनीची सोय करा.

विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता ठरलेला असतो. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ साली तो १६,०४९ रुपये ठरला. स्वतःच्या नुकसानीच्या भागात मात्र नीट पाहा. व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत ‘आयएमटी २३’ घेतलेलं नसेल, तर लहान अपघातात दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंग यांचे पैसे मिळत नाहीत. पिकअपचं गर्दीत नेमकं हेच फुटतं. जास्तीचे पैसे पडले तरी ते घ्यावं आणि ड्रायव्हरच्या जबाबदारीचं कव्हरही सोबत घ्यावं.

गाडी पूर्ण बॉडीसह कंपनीतून आली, तर पहिली दोन वर्षं वेगळ्या फिटनेसची गरज पडत नाही. नुसती कॅब-चॅसी घेऊन बाहेर बॉडी बांधलीत तर आधी तपासणी होते, म्हणून बॉडीवाला मान्यताप्राप्त असायला हवा. बंद कंटेनर की उघडा हौदा? पावसाळ्यात कोरुगेटेड बॉक्स भिजले की पार्टी माल परत पाठवते आणि नुकसान गाडीवाल्याच्या माथी येतं. बॉक्सचं काम कायमचं असेल तर कंटेनर बांधावा, त्याचं वजन पासिंगमधून जाणार हे धरून. मिश्र काम असेल तर उघडा हौदा, काढता येणारी कमान आणि दुहेरी ताडपत्री बरी. हौद्याच्या तळाला चेकर पत्रा टाकताना पाण्याची भोकं बुजवू नका. पत्रा आणि मूळ तळ यांच्यात पाणी साचून राहतं आणि खालून गंज चढतो. वरून रंग चकचकीत असतो, म्हणून ते उशिरा कळतं. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या पहिल्याच दिवशी जाड घालून घ्या. गोदामांचे धक्के ट्रकच्या उंचीचे असतात. पिकअपचा हौदा खाली राहतो, मग फाळका उघडून त्यावर फळी टेकवतात आणि सगळा माल त्या फाळक्यावरून येतो-जातो. पुढं पांढरी आणि मागं लाल रिफ्लेक्टर टेप चांगल्या प्रतीची लावा. पुढचा लोखंडी गार्ड मात्र लावू नये. तो बेकायदा आहे आणि समोरच्या माणसाच्या जिवावर उठतो.

आता पाट्यांबद्दल, कारण खरी नासाडी इथं होते.

नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, “मागं दोन पाटे वाढवून घे, मग कितीही टाक.” पाटे वाढवले की गाडी बसत नाही, हे खरं. पण वाढला तो फक्त पाटा. चॅसी, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, क्लच सगळं जुन्याच मापाचं आहे. त्यातही ब्रेकची गोष्ट नीट समजून घ्या. पुष्कळ पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चॅसीला, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडीखाली वाकून पाहिलंत तर त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली दिसेल. माल भरला, हौदा खाली बसला, की दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जादा दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी राहतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरेल. पाटे वाढवल्यावर गाडी भरूनही पुरेशी बसत नाही, दांडी सरकत नाही. हौद्यात दोन टन आणि मागच्या चाकांना ब्रेक जवळजवळ रिकाम्या गाडीचा. मुंब्रा बायपासच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, ते तिथून रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. काही जण ती दांडीच तारेनं बांधून टाकतात. मग पावसात रिकामी गाडी घसरते. कोणत्याही मेकॅनिकला, तो कितीही जुना ओळखीचा असो, ही दांडी बांधू देऊ नका.

ओव्हरलोडचा दंड कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. पाइप किंवा सळया बॉडीबाहेर काढल्या तरी २० हजार. मान्यतेशिवाय गाडीत बदल केले तर मालकाला दर बदलामागे ५ हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड कधीतरी बसतो आणि गाडीची झीज रोज होत असते. वजन सारखं जास्त लागत असेल तर मोठ्या पासिंगची गाडी घ्या. महिन्याचा दोन-तीन हजारांचा जादा हप्ता हा क्लच प्लेट, टायर आणि बेअरिंगच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो, असं माझं ठाम मत आहे.

देखभाल रस्ता बघून ठरवावी. पूर्णा ते अंजूरफाटा आणि तिथून माणकोली किंवा चिंचोटीकडे जाणारा रस्ता म्हणजे खड्डे, धूळ आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली रांग. कंपनीचं पुस्तक चांगल्या रस्त्याचं वेळापत्रक देतं, त्यातच ‘खडतर वापर’ असा वेगळा रकाना असतो. आपला रकाना तो. एअर फिल्टर लवकर बदला. हवेच्या झोतानं वरचेवर साफ करत राहिलात तर कागद फाटून धूळ थेट टर्बोत जाते. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या काही भरलेल्या फेऱ्यांनंतर आवळून घ्या, सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल सरकतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारताना जुनं ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येताना दिसलं पाहिजे. एका बाजूनं आलं नाही तर ती वाटी कोरडी आहे.

बीएस-६ डिझेल गाडीची एक नवी अडचण आहे. ज्या गाडीत डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, ती जाळी स्वतःला साफ करते ते तापमान वाढल्यावर. काल्हेर ते अंजूरफाटा अशा छोट्या, रखडत्या फेऱ्यांत ते तापमान येतच नाही. डॅशबोर्डवर जाळीचा दिवा लागला की गाडी नाशिक हायवेला नेऊन वीसेक मिनिटं एका वेगात चालवावी. मध्येच बंद करू नये. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडीची ताकद पडते आणि जाळीचा खर्च हजारोंत जातो. इंजिन ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच वापरा, साध्या ऑइलची राख जाळीत बसते. दिवसभर याच पट्ट्यात फिरणार असाल तर सीएनजीचा विचार जरूर करा. मात्र सिलिंडरचं वजन मालातून जातं आणि दर तीन वर्षांनी त्याची दाबचाचणी करावी लागते.

पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी चढलं की भिवंडीचे सखल भाग बुडतात. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी डिफरन्शियलचं ऑइल पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. मागचे ड्रम उघडून गाळ धुऊन घ्या. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तिथं मागच्या चाकांना रिकामी आणि भरलेली असे दोन आकडे असतील तर भरलेल्याचा धरा.

पुढच्या भागात ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, वाराई कोणी द्यायची, आणि परतीची फेरी रिकामी येऊ नये म्हणून काय करता येतं, हे पाहू.