सीटबेल्ट आत का जात नाही?

आमच्यापैकी एकाची मोटार बारा वर्षांची जुनी आहे. तिच्या पुढच्या डाव्या आसनाचा सीटबेल्ट पूर्वी बक्कल सोडताच सुर्रकन आत जात असे. हळूहळू तो मंदावला. मग वीतभर पट्टा बाहेरच लोंबू लागला आणि दारात सापडू लागला. एका कारागिराने सांगितले, "स्प्रिंग गेली, नवीन बसवा." दुसऱ्याने तेल सोडायला सांगितले. दोन्ही सल्ले बाजूला ठेवून आम्ही आधी एक साधा प्रश्न विचारायचे ठरवले. हा पट्टा मुळात आत जातो कसा?

डबीत काय असते?

कंबर आणि छाती अशा दोन्हींना धरून ठेवणारा, तीन ठिकाणी जोडलेला पट्टा व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. सुरुवातीचे असे पट्टे प्रत्येकाला आपल्या मापाने हाताने घट्ट करावे लागत. पुढे रिळावर आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा आला आणि हे काम सोपे झाले.

दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशी एक डबी असते. तिच्यात रीळ असते आणि रिळाच्या एका टोकाला चावीच्या घड्याळात असते तशी चपटी, सर्पिल स्प्रिंग. पट्टा ओढला की स्प्रिंग पिळली जाते, सोडला की ती उलगडताना रीळ उलटे फिरवते. डबीतून निघालेला पट्टा खांबातून वर जातो, खांद्याजवळच्या कडीवरून वळतो आणि मग आपल्या छातीवर येतो.

डबीत आणखी एक यंत्रणा असते, ती म्हणजे अटकाव. एका उथळ वाटीत पोलादी गोळी ठेवलेली असते. काही डब्यांत तिच्या जागी छोटा लंबक असतो. गाडीचा वेग एकदम कमी झाला की जडत्वामुळे गोळी पुढे सरकते, एक तरफ उचलते आणि ती रिळाच्या दात्यांत अडकते. पट्टा झटक्याने ओढल्यावरही रीळ अडते, पण त्याची व्यवस्था वेगळी असते. म्हणजे पट्टा बाहेर न येणे आणि आत न जाणे हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. गाडी तीव्र उतारावर उभी असेल तर पट्टा बाहेर येत नाही, आणि तो दोष नव्हे. आपला प्रश्न दुसरा आहे.

स्प्रिंग दुबळीच असते

पट्टा आत ओढणारा जोर मुद्दामच कमी ठेवलेला असतो. तो जास्त असता तर प्रवासभर छातीवर दाब पडला असता आणि कोणी पट्टा बांधलाच नसता. समजा, हा जोर ५ न्यूटन आहे, म्हणजे साधारण अर्धा किलो वजन तोलण्याइतका. जसजसा पट्टा आत जातो तसतशी स्प्रिंग उलगडते आणि तिचा पीळ कमी होतो. त्याच वेळी रिळावर थरावर थर चढून त्याची त्रिज्या वाढते. पीळ कमी आणि त्रिज्या जास्त, म्हणून पट्ट्यावरचा ओढ दोन्ही कारणांनी घटतो. पट्ट्याचा शेवटचा वीतभर भागच बाहेर का राहतो, याचे उत्तर इथे मिळते. अडचण कोणतीही असो, ती आधी तिथेच दिसणार.

कडीवरचे घर्षण

पट्टा बांधलेला नसतो तेव्हा तो कडीच्या दोन्ही बाजूंनी खाली येतो, म्हणजे कडीवर जवळजवळ अर्धा वेढा घेतो. वेढ्याचे घर्षण मोठे चमत्कारिक असते. धक्क्यावर होडी बांधताना दोराला खुंटाभोवती दोन-तीन वेढे दिले की दोराचे टोक एका हाताने धरूनही मोठी होडी थोपवता येते. याचे गणित ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले. दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर घर्षणांक आणि वेढ्याचा कोन यांच्या गुणाकारानुसार घातांकी रीतीने वाढते.

कडी स्वच्छ असताना घर्षणांक ०.२ धरू. अर्ध्या वेढ्यासाठी गुणोत्तर सुमारे १.९ येते. डबीच्या बाजूला ५ न्यूटन ओढ असेल तर पलीकडे सुमारे २.७ न्यूटन पोचतो. आता घाम, तेल आणि धूळ यांचा चिकट थर बसून घर्षणांक ०.४ झाला असे समजा. घर्षणांक दुप्पट झाला की गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो. ते ३.५ येते आणि पलीकडे पोचतो फक्त १.४ न्यूटन. तेवढ्यात पट्ट्याचे आणि धातूच्या जिभेचे वजन उचलायचे असते. स्प्रिंग पहिल्याइतकीच चांगली आहे, पण तिचा जोर वाटेतच खर्च होतो.

दोष कुठे आहे ते ओळखणे

म्हणून आम्ही एक सोपी तपासणी केली. पट्टा पूर्ण बाहेर काढला. मग तो कडीवरून हाताने थोडा थोडा डबीकडच्या बाजूला सोडत गेलो, म्हणजे कडीचे घर्षण स्प्रिंगऐवजी आमच्या हाताने सोसले. डबीने सोडलेला पट्टा लगेच गिळला, अगदी शेवटपर्यंत. स्प्रिंग गेलेली नव्हती. दोषी होती कडी. या तपासणीतही पट्टा आत जात नसेल, तर दोष डबीत आहे असे समजावे. पट्टा कुठे पिळून उलटा झाला आहे का, तेही पाहावे. पीळ पडलेला पट्टा कडीच्या फटीत अडकतो.

दुरुस्ती कशी केली?

पट्टा पूर्ण बाहेर ओढून तो परत जाऊ नये म्हणून कडीजवळ एक मोठा चिमटा लावला. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात फडके बुडवून, पिळून, ते कडीच्या फटीतून घातले आणि दोन्ही टोके धरून पुढेमागे ओढले. पांढरे फडके तपकिरी झाले! मेणासारखा थर निघाला. पट्टाही त्याच पाण्याने, मऊ ब्रशने, लांबीच्या दिशेने धुतला आणि स्वच्छ ओल्या फडक्याने साबण पुसून काढला. रात्रभर चिमटा तसाच ठेवून तो पूर्ण वाळू दिला. ओला पट्टा आत गेला तर डबीत दमट राहतो. सकाळी चिमटा काढताच पट्टा जिभेपर्यंत आत गेला.

तेल का सोडले नाही? तेल विणीत मुरते, धूळ धरते आणि अटकावाच्या यंत्रणेपर्यंत उतरू शकते. ब्लीचिंग पावडर, ॲसिड, पेट्रोल हेही वर्ज्य, कारण पट्ट्याची सारी ताकद त्याच्या पॉलिस्टरच्या धाग्यांत असते.

डबी मात्र कोणीही घरी उघडू नये. पिळलेली स्प्रिंग उसळून इजा करते. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत अपघाताच्या क्षणी पट्टा घट्ट ओढण्यासाठी लहानशी स्फोटक कुपी बसवलेली असते. डबीत दोष असेल, पट्टा उसवला किंवा कापला गेला असेल, किंवा त्याने एकदा अपघाताचा झटका सोसला असेल, तर पूर्ण जोडणी जाणकार कार्यशाळेतून बदलून घ्यावी.

दहा सेंटीमीटरची किंमत

एवढा खटाटोप कशासाठी? पट्टा थोडा सैल राहिला तर काय बिघडते? हिशेब करून पाहू. गाडी ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून ती थांबली. शाळेत शिकवतो त्या समीकरणाने ऋण त्वरण १८७.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, गुरुत्व त्वरणाच्या एकोणीस पट. सारे ०.०८ सेकंदात संपते.

पट्टा अंगाशी घट्ट असेल तर आपणही गाडीबरोबरच, त्याच ६० सेंटीमीटरात थांबतो. आता पट्ट्यात १० सेंटीमीटर ढिलाई आहे असे धरा. ती संपेपर्यंत आपले शरीर मूळच्याच वेगाने पुढे जात राहते. ढिलाई संपायला ०.०३३ सेकंद लागतात. तोवर गाडीचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटरने उतरलेला असतो आणि ती ३९ सेंटीमीटर चेपलेली असते. म्हणजे आपण पट्ट्यावर ताशी २२ किलोमीटर वेगाने आदळतो आणि थांबायला उरतात फक्त २१ सेंटीमीटर. अंतर जवळजवळ एक तृतीयांश झाले, म्हणून छातीवरचा सरासरी जोर जवळजवळ तिप्पट. पट्टा स्वतः थोडा ताणतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील, पण गोष्ट बदलत नाही. अटकाव रीळ अडवतो, आधीची ढिलाई काढू शकत नाही. ती काढण्याचे रोजचे काम त्या दुबळ्या स्प्रिंगचे आहे.

मागच्या आसनांचे पट्टे तर वापराविना धूळ खात पडलेले असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागचे पट्टेही ओढून, सोडून पाहायला हवेत.

वर्गात करून पाहा

एक गुळगुळीत काठी आडवी बांधा. तिच्यावरून सुतळी टाकून दोन्ही टोकांना सारख्या लहान पिशव्या लटकवा. एकीत पाच वॉशर ठेवा. दुसरीत किती टाकल्यावर सुतळी घसरते ते मोजा. मग दीड वेढा देऊन पुन्हा मोजा. कोन तिप्पट झाला, म्हणजे गुणोत्तराचा घन यायला हवा. येतो का? आता काठीवर साखरेचे दाट पाणी लावून वाळू द्या आणि पुन्हा मोजा. आकड्यांतला फरक मुलांना स्वतःच सांगू द्या.

नंतर शाळेत कोणी मोटारीने येत असेल, तर तिचा पट्टा तपासण्याचे काम त्याच मुलांकडे सोपवा. कुठल्या आसनाचा पट्टा किती सेंटीमीटर बाहेर राहतो, याची नोंद त्यांनी करावी. फडके आणि साबणाचे पाणी जवळ असू द्या.